पात्यावरचा दोरा

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि अण्णानं हत्यार खाली ठेवलं. पहिली गोष्ट क्षणात झाली. दुसरी सहा महिने चालली.

अण्णा माझा थोरला भाऊ. बेळगुंदीत आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम आहे, आणि या तीन पिढ्यांत अण्णासारखा हात कुणाचा नव्हता, असं आमचे वडील स्वतःला धरून सांगायचे. असा माणूस सकाळी आठ वाजता अंगणातल्या दगडावर येऊन बसायचा आणि वहिनीनं जेवायला हाक मारेपर्यंत आपल्या तळहातांकडे बघत राहायचा. आपण बांधलेल्या दोऱ्यानं भावाची बोटं खाल्ली, असं त्याला वाटत होतं. गावालाही तसंच वाटत होतं. ते खरं नव्हतं. खरं काय ते एकट्या मला माहीत होतं आणि मी गप्प होतो.

आधी दोऱ्याचं सांगतो.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळ्याच सुतारांच्या घरी होते. करवती, रंधे, पटाश्या धुऊन पुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, नारळ फोडायचा आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आमच्या घराची जादा रीत म्हणजे दोरा. हळदीत भिजवलेला सुती दोरा प्रत्येक हत्याराला बांधायचा. तो नंतर सोडायचा नाही, कापायचा तर नाहीच. काम करता करता झिजून तो आपणहून गळून पडला पाहिजे. पडला म्हणजे पूजा हत्याराला पावली. करवतीच्या मुठीवरचा दोरा आठवडाभरात पडतो, रंध्याचा पंधरा दिवसांत. एका वर्षी एका पटाशीवरचा दोरा शिमग्यापर्यंत टिकला होता, तेव्हा मी अण्णाला आळशी म्हणालो होतो आणि त्यानं मला तीच पटाशी फेकून मारली होती. मुठीकडून लागली. अण्णाचा नेम चांगला आहे.

मी बी. ए. झालो आणि मग करवत धरली, म्हणून अण्णा मला मास्तर म्हणतो. यात कौतुक अजिबात नाही. पूजेला माझा विरोध कधीच नव्हता. प्रसाद खाऊन मी बाजूला उभा राहायचो आणि मनातल्या मनात शेरे मारायचो. वाचणाऱ्या माणसाला ही सवय लागते आणि तिलाच तो बुद्धी समजतो.

मग आमच्याकडे मायटर मशीन आलं. गोल लोखंडी टेबल आणि त्यावर एका मानेला लटकलेलं दहा इंची दातेरी पातं. टेबल डावीउजवीकडे फिरतं, पातं कुशीवर झुकतं, आणि दोन्ही एकदम केलं की लाकूड दोन दिशांनी तिरकं कापलं जातं. भिंत आणि छत जिथं भेटतात तिथं नक्षीची लाकडी पट्टी बसवतात, तिचे कोपरे असेच दुहेरी तिरके कापावे लागतात. गिऱ्हाइकं त्या पट्टीला कॉर्निस म्हणतात. अण्णा तिला भिंतीची मिशी म्हणतो. काटकोनातल्या कोपऱ्यासाठी टेबल किती फिरवायचं आणि पातं किती झुकवायचं याच्या खुणा कंपनीनं मशीनवरच करून दिल्या आहेत: एकतीस पूर्णांक सहा आणि तेहतीस पूर्णांक नऊ. अण्णाचा देवावर होता तेवढा माझा त्या दशांशचिन्हांवर विश्वास होता.

चालू झालं की ते मशीन किंचाळतं. सागवानात शिरताना आवाज जाडा होतो आणि बाहेर पडताना पुन्हा चिरका. अर्ध्या तासात कानाच्या मागे दुखायला लागतं. करवत लाकूड कापते. हे मशीन लाकडाचा खून करतं आणि वर चेहरा गुळगुळीत करून देतं. पात्यावर प्लास्टिकचं एक कवच असतं. पातं खाली आणलं की ते वर सरकतं, पातं वर नेलं की स्प्रिंगनं परत दातांवर येऊन बसतं. बटण सोडल्यावरही पातं काही वेळ फिरत राहतं, ओरडणं थांबवून, नुसती सळसळ करत. कवच आहे ते त्या सळसळीसाठी.

भुशानं माखलं की त्या कवचातून पेन्सिलीची खूण दिसत नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात मी ते तारेनं वर बांधून टाकलं. अण्णानं बघितलं, पकडीनं तार तोडली आणि माझ्या तोंडावर फेकली.

"चावऱ्या कुत्र्याच्या तोंडची जाळी काढून त्याला कुरवाळतोस व्हय रं?"

"खूण दिसत न्हाय, अण्णा."

"बोटं गेल्यावर दिसंल. लई स्पष्ट दिसंल."

हे त्याचे शब्द. पुढे बोटं गेल्यावर सहा महिने ते मला रोज ऐकू येत होते.

हिंडलग्याच्या बाजूला एका साहेबांचा बंगला बांधून होत आला होता. साहेब कुठल्या खात्याचे साहेब होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांच्या दिवाणखान्यातली एक अख्खी भिंत सत्कारांची होती. चौकटीतली मानपत्रं, काचेमागच्या शाली, त्यांचे आणि मोठ्या लोकांचे फोटो. निम्मे सत्कार कन्नड मंडळींनी केलेले, निम्मे मराठी मंडळींनी, आणि साहेबांनी ते एकाआड एक लावले होते. सीमाप्रश्न इतक्या शांततेत सुटलेला मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. या भिंतीचं टोक खोलीत पुढे आलेलं होतं, आणि त्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर आमची सागवानी मिशी वळणार होती. दसऱ्याच्या संध्याकाळी गृहप्रवेश होता. कुणी बडे पाहुणे येऊन बरोबर त्या कोपऱ्याखाली उभे राहून नारळ घेणार होते.

बाकीचे सगळे कोपरे बसले. हा बसेना. गवंड्यानं तिथं भिंत तीन अंश फाकवली होती. काटकोन बघायचा गुण्या लावला की फटीतून उजेड दिसायचा. साहेबांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. भिंती त्यांच्या होत्या, म्हणजे त्या काटकोनातच होत्या.

अष्टमीला दुपारी साहेब आले, शिडीवर चढले आणि खिशातून स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड काढून त्यांनी ते दोन पट्ट्यांच्या सांध्यात घातलं. कार्ड नावासकट आत गेलं.

"एन्रप्पा सुतार! हे काय हे?" साहेब अर्ध्या कन्नडात ओरडले.

"साहेब, भिंत जरा..." अण्णानं सुरुवात केली.

"भिंतीचं मला शिकवतो? पाहुण्यांच्या डोक्यावर हे भगदाड?"

त्यांनी दोन्ही हातांनी पट्टी धरली आणि ओढली. खिळे किंचाळत बाहेर आले, प्लास्टरचा पापुद्रा सुटला, आणि चार फुटांची सागवानी पट्टी त्यांनी शिडीवरून खाली भिरकावली. अण्णा खाली उभा होता. पट्टीचं टोक त्याच्या भुवईवर बसलं. कातडी फाटली आणि डोळा रक्तानं भरला. साहेब उतरले, अण्णाकडे बघितलं, आणि म्हणाले, "नवीन फरशी आहे. पुसून घ्या."

माझ्या हातात हातोडी होती. त्या क्षणी मी जे करायचं ठरवलं होतं ते केलं असतं तर हिंडलग्याला माझी वेगळी सोय झाली असती. तिथला तुरुंग बंगल्यापासून लांब नाही. अण्णानं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं त्यानं खाली पडलेली पट्टी उचलली आणि तिचं मोडलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं. त्याच्या कपाळाचं रक्त त्या सागवानावर ठिबकत होतं आणि तो म्हणत होता, "रेषा चांगली हुती रं हिच्या लाकडाची."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मशीन बंगल्यावर होतं, म्हणून पूजाही तिथंच. साहेबांनी तिचा समारंभ केला. फोटोग्राफर बोलावला, मशीनच्या मुठीवर हात ठेवून चार फोटो काढून घेतले, एक फोटो मशीन चालवत असल्यासारखा. वायर लावलेली नव्हती हे सगळ्यांचं नशीब. मग ते निघून गेले आणि खरी पूजा झाली. कपाळावर पट्टी बांधलेला अण्णा मांडी घालून हत्यारांसमोर बसला. मशीनची मान काम संपल्यावर खाली दाबून खिळीनं अडकवून ठेवतात, तशी ती ठेवलेली होती.

"बघ, मान खाली घालून नमस्कार करालंय," अण्णा म्हणाला. "ह्याला दोरा कुठं बांधू, मास्तर? ह्याची मूठ गुळगुळीत हाय."

"मानेलाच बांध की."

मी थट्टेत बोललो. त्यानं मन लावून बांधला. मान खाली होती तेव्हा कवच वर सरकलेलं होतं, आणि अण्णाचा दोरा मानेबरोबर कवचाच्या दांडीवरूनही गेला. अण्णाच्या ते लक्षात आलं नाही. सगळं आयुष्य त्यानं हत्यार बांधलं ते मुठीला. पुढे आलेला हलता भाग असतो अशी हत्यारं त्यानं कधी पूजलीच नव्हती.

माझ्या लक्षात आलं ते दसऱ्याच्या सकाळी. खिळी काढली, मान वर आली, आणि कवच खाली आलं नाही. दाते उघडे, पेन्सिलीची खूण लख्ख. मी काही बोललो नाही. पहिला काप केला, दुसरा केला. तिसऱ्या कापाला मशीनच्या थरथरीनं दोरा सैल झाला, घसरला आणि टेबलावर पडला. कवच खट्‌कन खाली आलं.

अण्णा शिडीवर पाठमोरा होता, भिंतीवर रेघ मारत. मी दोरा उचलला आणि परत बांधला. या वेळी मुद्दाम दांडीवरून, दोन फेरे देऊन, घट्ट गाठ मारून. तारेवरून अण्णानं आरडाओरडा केला असता. देवाच्या दोऱ्याला तो हात लावणार नव्हता. इतका सोयीचा देव मला तोपर्यंत भेटला नव्हता.

त्यानंतर आम्ही भांडलो. कोपरा अजून जुळत नव्हता. मी कागदावर गणित मांडून दोन्ही आकडे बदलले होते, तरी वरच्या अंगाला केसभर उजेड दिसत होता. अण्णाचं म्हणणं होतं की मशीन बंद कर, टोकाला रंध्याचे दोन हात मारतो, बसतं. माझं म्हणणं होतं की अर्धा अंश अजून.

"हाताला कळतंय ते कागदाला कळत न्हाय, मास्तर. दे ती हिकडं."

"रंधा मारशील आणि टोक उडंल. सकाळची दुपार झाली तुझ्या रंध्यापायी."

"माझ्या रंध्यावर तू कॉलेज केलास रं भाड्या!"

त्यानं पट्टी ओढली, मी सोडली नाही. त्यानं माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. साहेबांचं एक मानपत्र खाली पडून फुटलं, कन्नड की मराठी ते बघायला वेळ नव्हता. माझ्या दुसऱ्या हातात कापून उरलेला एक तुकडा होता. मी तो अण्णाच्या तोंडावर मारला. त्याचा ओठ फुटला. अष्टमीच्या जखमेवरची पट्टी सुटली आणि जखम पुन्हा उघडली. चाळिशी उलटलेले दोन भाऊ, दसऱ्याच्या दिवशी, एकमेकांना लाथा घालत झेंडूच्या पाकळ्यांत लोळत होतो. अण्णा थुंकला. थुंकी लाल होती.

"कर तुझं," तो म्हणाला आणि हौदाकडे तोंड धुवायला गेला.

मी मशीनवर आलो. डोळ्यापुढे फक्त एक गोष्ट होती: तो यायच्या आत सांधा बसवून दाखवायचा. पट्टी टेबलावर पालथी धरली, पातं डावीकडे झुकवलं, म्हणजे माझ्या डाव्या हाताच्या अंगावर झुकवलं, आणि मूठ दाबली. किंकाळी, धूर, जळक्या सागवानाचा वास. नखाएवढी एक चकती सुटली आणि पात्याशेजारी अडकून राहिली. बटण सोडलं. राग आलेला माणूस कुठलंच काम पुरतं करत नाही. मी मान अर्धीच वर नेली आणि ती चकती उडवायला डाव्या हाताची बोटं आत घातली. सळसळ ऐकू येत होती. ऐकूनही घातली.

दुखलं नाही. कुणीतरी बोटांवर काठी मारावी तसं झालं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, सगळ्या मानपत्रांवर, एक तिरकी लाल फवारणी झाली. कोन माझ्या कागदावरच्या गणिताप्रमाणेच असणार. मग मी हात बघितला. तर्जनी आणि मधलं बोट जिथं असायला हवं तिथं दोन पांढरी टोकं होती. ती बघता बघता लाल झाली.

मी ओरडलो असेन, कारण अण्णा धावत आला. त्यानं आधी माझा हात बघितला, मग मशीन. वर अडकलेलं कवच. त्यावर आवळलेला पिवळा दोरा. त्याच्या तोंडातून आवाज निघाला तो मी वडील गेले तेव्हाही ऐकला नव्हता. त्यानं पंचा फाडून माझं मनगट आवळलं आणि गुडघ्यांवर बसून भुशातून, झेंडूच्या पाकळ्यांतून माझी बोटं शोधायला लागला. एक मशीनखाली सापडलं, एक साहेबांच्या फुटलेल्या चौकटीजवळ. पाहुण्यांच्या सरबतासाठी बर्फ आणला होता, त्यातला त्यानं ओंजळभर उचलून बोटांसकट पिशवीत भरला. कुणीतरी "अहो, तो पाहुण्यांचा" म्हणालं. अण्णानं त्या माणसाला एकच लाथ घातली.

बेळगावच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पिशवी उघडून बघितली आणि बंद केली. बोटं जोडता येतात, पण मधला भाग असावा लागतो. पात्याच्या जाडीएवढं हाड आणि मांस भुसा होऊन गेलं होतं. "काप साफ नाही," ते म्हणाले. मशीन आल्यापासून मी अण्णाला साफ काप म्हणजे काय ते शिकवत आलो होतो.

साहेबांनी निरोप पाठवला तो असा, की बरं झालं, वास्तूनं आपला घास घेतला, आता घराला बाधा नाही. भिंत धुतली, सांध्यात पुट्टी भरली, रंग मारला. संध्याकाळी दारात कोहळा फोडून त्यातलं कुंकवाचं पाणी उंबऱ्यावर सांडलं आणि पाहुणे वेळेवर आले. त्या दिवशीच्या अल्बममध्ये सगळे आहेत. मशीनच्या मुठीवर हात ठेवलेले साहेबही आहेत.

अण्णानं त्यानंतर काम केलं नाही. हत्यारं गोठ्याशेजारच्या खोपीत पेटीत भरली आणि कुलूप लावलं. घरात तो माझ्याकडे बघेना. माझ्या ताटातली भाकरी मला एका हातानं मोडता यायची नाही, ती तो मोडून ठेवायचा आणि उठून जायचा. काम मागायला लोक यायचे. "हात गेला माझा," एवढंच तो सांगायचा. वहिनी एकदा मला विहिरीजवळ गाठून म्हणाली, "भावजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगितलासा तर ऐकतील. माणूस आतनं कुजालंय ते."

मी सांगितलं. "अण्णा, तुझी काय चूक न्हाय," असं सांगितलं. हे खरं वाक्य मी अशा सुरात म्हणालो की ते खोटं वाटावं. त्याला ते भावाचं मोठं मन वाटलं. तो रडला आणि दुसऱ्या दिवसापासून दगडावर अजून लवकर बसायला लागला.

मी का गप्प होतो? आधी ताप होता, कळ होती. नंतर सवय झाली. गावात मी गेलो की लोक उठून जागा द्यायचे. दोऱ्यानं बोटं खाल्लेला माणूस हा पुस्तकं वाचणाऱ्या माणसापेक्षा बराच मोठा असतो. आणि शिमग्यानंतर ती मंडळी आली.

तालुक्यातली सुधारक मंडळी. चांगली, प्रामाणिक माणसं. गावच्या शाळेत अंधश्रद्धेवर कार्यक्रम होता आणि त्यांना अनुभवाचं बोलणारा वक्ता हवा होता. मी नाही म्हणायला हवं होतं. मी टिपणं काढली. त्या दिवशी पाच वाजता मी शाळेच्या ओट्यावर उभा राहिलो आणि डावा हात वर केला. समोरची माणसं पुढे वाकली. मी चांगला बोललो. एक पिवळा दोरा, एक भाबडी पूजा आणि दोन बोटं. टाळ्या पडल्या. मला शाल घातली, हातात नारळ दिला, आणि फोटो काढताना मला कळलं की मी हनुवटी साहेबांसारखी वर धरली आहे.

त्याच वेळी शेवटच्या रांगेतून अण्णा उठताना दिसला. तो आलेला मला माहीत नव्हता. टोपी हातात घेऊन, माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत, खाली मान घालून तो बाहेर गेला.

मी घरी पोचलो तेव्हा घाव रस्त्यापर्यंत ऐकू येत होते. खोपीचं दार सताड उघडं होतं. अण्णानं पेटी पालथी केली होती. वडिलांची मोठी करवत गुडघ्यावर वाकवून तिचे दोन तुकडे केले होते. पटाश्यांच्या मुठी ठेचल्या होत्या. आता लाकूड तासायचा वाकस दोन्ही हातांत धरून तो वडिलांच्या रंध्यावर घालत होता. रंधा शिसवी होता, तुटत नव्हता, टवके उडत होते. प्रत्येक घावाला अण्णा हुंदका दिल्यासारखा श्वास टाकत होता. वहिनी दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

"अण्णा, थांब."

"हत लेका! समद्या गावाला सांगितलास न्हवं? आता ह्यास्नी ठेवू कशाला?" पुन्हा घाव. "माझा दोरा! माझा!"

"तुझा दोरा सुटलता."

वाकस वरच राहिला.

"सकाळीच सुटलता. तिसऱ्या कापाला. आपणहून पडला. मी उचलून परत बांधला, अण्णा. खूण दिसावी म्हणून. तारेसारखा बांधला. ती गाठ माझी हाय."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या हातात वाकस होता आणि त्याचे डोळे मी आधी कधी बघितले नव्हते असे होते. मी मागे सरकलो नाही. धैर्यानं नव्हे, पायच हलले नाहीत. अण्णानं वाकस बाजूला फेकला. तो भिंतीत रुतला. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढच्या पाच मिनिटांत त्यानं मला जे मारलं ते नुसत्या हातांनी. पहिल्या थपडेला माझा चष्मा गेला, दुसरीला मी खाली. शाल धरून त्यानं मला उठवलं आणि पुन्हा पाडलं. छातीवर बसून मारलं. माझी दाढ हलली, नाकातून रक्त घशात उतरलं. मी हात वर केला नाही. वहिनी ओरडत होती, "मारून टाकशिला! अवो, तुमचा भाऊ हाय!" आणि तो ओरडत होता, "सहा म्हैनं! सहा म्हैनं, भाड्या! तुला भाकरी मोडून दिली मी!"

मग तो थांबला आणि माझ्याशेजारी भुशात बसला. दोघं धापा टाकत होतो.

तो म्हणाला, "आपणहून पडला?"

"व्हय."

"कुणी हात न लावता?"

"मशीनच्या थरथरीनं. टेबलावर पडला."

"तिसऱ्या कापाला." त्यानं हे स्वतःशीच परत एकदा म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. "म्हंजे पावली हुती पूजा. तिसऱ्याच कापाला पावली हुती."

माझ्याकडे यावर उत्तर होतं. थरथर, सुती दोरा, गुळगुळीत लोखंड. मी नाकातलं रक्त गिळलं आणि "व्हय अण्णा," म्हणालो. पाच वाजता शाळेच्या ओट्यावर जे बोललो होतो त्यापेक्षा हे जास्त खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दगड रिकामा होता. माझा एक डोळा सुजून बंद झाला होता, म्हणून मी दुसऱ्यानं बघितलं. खोपीत अण्णा जमिनीवर बसून रंध्याचे टवके गोळा करत होता. शेजारी सरसाचं भांडं तापत होतं.

"मास्तर, हिकडं ये. धर."

मी बसलो. त्यानं फुटलेला भाग जागेवर बसवला आणि माझा डावा हात ओढून त्यावर ठेवला. उरलेल्या बोटांनी जमेल तेवढं मी दाबलं. एक बाजू निसटत होती, तिथं त्यानं आपला अंगठा लावला.

"मशीनकडं तू जायाचं न्हाय आता. मापं घेयाची आणि गप बसायचं."

"बरं."

"आणि भाषण करायचं न्हाय."

"न्हाय."

सरस बाहेर ओघळला. पुसायला त्यानं इकडे तिकडे बघितलं, माझी आदल्या दिवशीची शाल हाताला लागली, तीच घेतली. मग उरलेली हत्यारं एकेक करून त्या शालीनंच पुसली, तेल लावून. अण्णा म्हणतो, इतकं चांगलं तेल पिणारं फडकं त्यानं बघितलं नव्हतं. ती अजून खोपीत खुंटीला आहे, काळी झालेली.